निशाणपागेची नोंद

श्रीपादराव हर्डीकरांचा सत्कार करावा हे मुकुंदरावांच्या डोक्यात आलं ते एकोणीसशे छप्पनच्या सप्टेंबरात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी माणसांना तेव्हा कुणाचा तरी सत्कार करण्याची फार गरज होती. आठ वर्षांपूर्वी संस्थान विलीन झालं, दरबार गेला, आणि दरबाराबरोबर कित्येकांच्या पगड्या खुंटीला लागल्या. मग मध्यभारत नावाचं राज्य झालं, त्याची निम्मी राजधानी तरी इथं होती. आता तेही मोडायचं ठरलं होतं. एक नोव्हेंबरपासून सगळा कारभार भोपाळला. घरटी एकाला बदलीचा हुकूम आलेला, बाड्याच्या चौकात भेटेल तो सामान कधी बांधायचं एवढंच बोलणार. आपल्यात अजून कुणी मोठा माणूस शिल्लक आहे असं अशा वेळी वाटायला हवं होतं, आणि मराठी मंडळाचे चिटणीस मुकुंदराव यांना तो माधवगंजातल्या एका दोन खोल्यांच्या घरात सापडला.

श्रीपादराव मोठे होते खरे, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कळू नये अशीच त्यांच्या कामाची रीत होती. पुण्याहून ‘सार्वजनिक कोश’ निघत असे. यच्चयावत गोष्टींची माहिती मराठीत, आणि ती लोकांनीच लिहायची. पगार नाही, मानधन नाही, लिहिणाऱ्याचं नाव कुठंही छापायचं नाही. एका पोस्टकार्डावर एक नोंद लिहून पाठवायची. कोशाची कचेरी ती निरनिराळ्या गावच्या तीन वाचकांकडे फिरवणार. कुणीही चूक काढावी, कुणीही दुरुस्त करावी, आणि वर्षभर कुणाची हरकत आली नाही की नोंद छापायची. प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नियम असे: आधाराशिवाय ओळ नाही.

हा नियम श्रीपादरावांच्या हाडीमाशी खिळला होता. दरबाराच्या दप्तरखान्यात ते कारकून होते, मोडी पाण्यासारखं वाचत. कचेरीतून घरी आले की चहाचा कप एका हाताला आणि दौत दुसऱ्या हाताला. चोवीस वर्षांत त्यांनी अकराशेच्या वर कार्डं पाठवली. किल्ल्यावरची तळी, लष्करातले आखाडे, विणकरांच्या वस्त्या, बंद पडलेल्या टांकसाळी, सगळं. शिवाय दुसऱ्यांच्या नोंदी तपासायला यायच्या, त्यांत तर त्यांना विशेष रस. इंदूरच्या एका वकिलानं आपल्या आजोबांच्या पराक्रमाची नोंद चार वेळा पाठवली आणि श्रीपादरावांनी ती चारही वेळा आडवी केली, कारण आजोबांच्या पराक्रमाला नातवाखेरीज साक्षीदार नव्हता. पुण्याच्या कचेरीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे, ‘ग्वाल्हेरची कात्री’ म्हणत. हे एकदा कुणीतरी पत्रातून कळवलं तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. “आमच्या घरात आधी टपालपेटीला नैवेद्य, मग देवाला,” असं शामलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगत. त्यात तक्रार होती तेवढंच कौतुकही होतं.

तर अशा माणसाचा सत्कार. नाव छापायचं नाही हा नियम मोडायला पुण्याहून खास परवानगीचं पत्र आलं, स्थानिक वर्तमानपत्रात चौकट आली, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदाच लोकांना कळलं की कोशातलं ग्वाल्हेर म्हणजे माधवगंजातले हर्डीकर.

ती चौकट वाचूनच विजयाबाई खलाटे आल्या.

सत्काराला दहा दिवस होते. सकाळची वेळ. डोक्यावरून पदर घेतलेली, चाळिशीची, उन्हातून चालत आलेली बाई दारात उभी राहिली आणि आधी म्हणाली, “पाणी द्याल का?” पाणी पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं की ती पडाव नावाच्या वस्तीमागच्या, निशाणपागेच्या घरांच्या ओळीतली. पागा म्हणजे घोडदळाची तुकडी, आणि निशाणपागा म्हणजे दरबाराचं निशाण घेऊन सर्वांत पुढं चालणारी. तुकडी कधीच मोडली. घोडे गेले, स्वार गेले, पण त्यांना राहायला दिलेली अकरा घरं होती आणि अकरा घरांत त्यांचे वारस होते. कुणी रेल्वेत खलाशी, कुणी टांगा हाकणारा, कुणी शाळेत शिपाई. विजयाबाईंचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. घरात ती आणि सासरे. सासरे पांडुरंगराव ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी अधू. शेवटच्या दसऱ्याच्या स्वारीत निशाण त्यांच्याच हातात होतं.

“भाऊसाहेब, आमचं घर जाऊन राहिलंय,” विजयाबाई म्हणाल्या. “सरकारला तिथं गोदाम बांधायचंय. चौकशी चाललीय साहेबापुढं. आम्ही म्हटलं, दरबारानं दिलेली घरं आहेत. तर सरकारी वकिलानं एक मोठी किताब काढली आणि म्हणाला, यात लिहिलंय, घरं तुमची नाहीतच. आता पेपरात आलं की ती किताब तुम्ही लिहिलीय. मला वाचता येतं, पण ती किताब कोण दाखवणार? काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.”

श्रीपादरावांना, खरं सांगायचं तर, आधी बरं वाटलं. कोश कचेरीत आधार म्हणून धरला जातो ही काही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी फळीवरून भाग काढला, पान पहिल्या झटक्यात उघडलं आणि खणखणीत वाचलं: “निशाणपागा. ग्वाल्हेर दरबाराचे निशाण वाहणारी घोडदळाची तुकडी. संवत १९३१ मध्ये तिच्या अकरा स्वारांना चाकरीबद्दल पडावामागे राहण्यास घरे दिली. आधार, ग्वाल्हेर दप्तर, मोडी.”

“चाकरीबद्दल म्हणजे?”

“म्हणजे चाकरी केली म्हणून.”

“वकील म्हणाला, चाकरी आहे तोवर. चाकरी संपली, घर संपलं.”

“तसं कसं होईल? मूळ कागदात तर पुढं...” एवढं म्हणून श्रीपादराव थांबले.

मूळ कागद त्यांच्या डोळ्यांपुढं आला. कागद विसरणाऱ्यांतले ते नव्हते. करड्या रंगाचा, हातकागद, डाव्या कोपऱ्यात पाण्याचा डाग. ‘चाकरीबद्दल घरे दिली असेत’ आणि त्याच्यापुढं, त्याच ओळीत, ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने उपभोगावी’. म्हणजे मुलांनी, नातवांनी, त्यांच्या पुढच्यांनी. हे शब्द दरबाराच्या जवळजवळ प्रत्येक सनदेत असतात. दप्तरखान्यातला माणूस ते वाचतसुद्धा नाही, पत्राच्या माथ्यावरची ‘श्री’ जशी कुणी वाचत नाही तशी. कार्डावर जागा कमी होती. ठराविक मजकूर म्हणून त्यांनी तो गाळला होता.

आणि कागद? संस्थान विलीन झाल्यावर नव्या सरकारानं दप्तराची छाटणी काढली होती. जागा नव्हती, निम्मे रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, काढून टाका असा हुकूम. याद्या करायचं काम श्रीपादरावांकडे. दुसरे कारकून डोळे मिटून खुणा करत होते, पण श्रीपादराव रात्रीचा दिवस करून एकेक कागद बघत होते, आणि ज्या कागदाची नोंद कोशात आली आहे त्यापुढं समाधानानं शेरा मारत होते: ‘सारांश सार्वजनिक कोशात छापून आला आहे. नष्ट करण्यास हरकत नाही.’ त्यांना वाटलं होतं, कागद काय, आज ना उद्या कुजणार. कोश राहील. निशाणपागेचा कागद त्याच यादीत होता, खाली त्यांची सही होती, आणि गाड्या भरभरून ते सगळं पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेलं होतं. स्वारांच्या घरी असलेली अस्सल सनद तर प्लेगच्या साली सगळे माळावर राहायला गेले तेव्हाच वाळवीनं खाल्ली होती.

“पुढं काय, भाऊसाहेब?” विजयाबाईंनी विचारलं.

“मी बघतो,” श्रीपादराव म्हणाले. “मी जातो साहेबांकडे.”

आपली चूक त्या बाईला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही, आणि याला भित्रेपणा म्हणतात, दुसरं नाव नाही.

चौकशीचा साहेब भला माणूस होता. त्याचंही सामान भोपाळसाठी बांधलेलं होतं, खोक्यांच्या मधे टेबल टाकून तो बसला होता. श्रीपादरावांनी सगळं सांगितलं. कार्डावर जागा नव्हती, शब्द गाळले, कागद छाटणीत गेला, पण मला तो शब्दशः आठवतो.

“काग़ज़ ले आइए,” साहेब म्हणाला.

“काग़ज़ तो नष्ट हो गया, साहब. मेरी ही सही से.”

साहेबानं कोशाचा भाग उघडला आणि पहिल्या पानावरचा नियम कारकुनाकडून हिंदीत करून घेतला. मग हसून म्हणाला, “देखिए पंडितजी, आपकी किताब खुद कहती है, बिना आधार एक पंक्ति नहीं. अच्छा नियम है. अब मैं किताब मानूँ या आपकी याददाश्त?”

इंदूरच्या वकिलाला श्रीपादरावांनी चार वेळा हेच विचारलं होतं. घरी येऊन त्यांनी पुण्याला दुरुस्तीचं कार्ड लिहायला घेतलं. मजकूर लिहिला, ‘आधार’ हा शब्द लिहिला, आणि त्याच्यापुढं काय लिहायचं ते न सुचून कार्ड तसंच दौतीखाली ठेवलं. शामलाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा त्या येऊन कार्ड वाचून गेल्या.

सत्काराच्या दिवशी मंडळाचा हॉल खचाखच भरला. जे महिनाभरानं भोपाळला जाणार होते ते सगळे आले, कारण अशी सगळी मंडळी पुन्हा एकत्र भेटतील की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. जुन्या सरदार घराण्यांतले दोघेतिघे पगड्या घालून पुढं बसले होते. मुकुंदराव बोलायला उभे राहिले ते बोलतच राहिले. राजधानी जाईल, कचेऱ्या जातील, पण आपलं ग्वाल्हेर कोशाच्या पानांत सुरक्षित आहे. अकराशे नोंदी, आणि चोवीस वर्षांत एकीवरही कुणाला बोट ठेवता आलेलं नाही. या माणसानं लिहिलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र वाचून झालं.

श्रीपादराव उत्तराला उभे राहिले. काय सांगायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

“माझ्या एका नोंदीत चूक आहे,” ते म्हणाले. “पडावामागच्या निशाणपागेची नोंद. मी मूळ कागदातले शब्द गाळले. त्यात लिहिलं होतं, ‘चाकरीबद्दल घरे दिली असेत, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने उपभोगावी, कोणी मुजाहीम होऊ नये’. मुजाहीम म्हणजे अडथळा. मी हे सगळं सोडून दिलं, आणि कागद नष्ट करायच्या यादीवर मीच सही केली. त्यामुळं आज अकरा कुटुंबं घराबाहेर पडायची वेळ आलीय. ज्याचा सत्कार करताय त्यानं हे केलंय.”

मग मुकुंदराव हसून उठले. “बघा,” ते म्हणाले, “अकराशे नोंदी, आणि यांना आठवते ती एक. याला म्हणतात मोठेपणा.” सगळे हसले, टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. श्रीपादराव पुन्हा बोलू लागले, “मोठेपणा नाही, अहो, खरंच,” पण तोवर कुणीतरी हार आणला आणि फोटोवाल्यानं त्यांना सरदारांच्या मधे बसवलं. त्या फोटोत ते रडवेले दिसतात. बघणारे म्हणत, गहिवरलेत.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: ‘श्री. हर्डीकर यांच्या नोंदी निर्दोष असल्याचा निर्वाळा’. सरकारी वकिलानं ते कात्रण चौकशीच्या फायलीत लावलं.

शेवटची तारीख ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. आदल्या दिवशी शिपाई येऊन श्रीपादरावांना सांगून गेला की साहेबांनी बोलावलंय, मोडीचं काम आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला. आपलं म्हणणं अखेर लिहून घेणार असं त्यांना वाटलं. शामलाबाईंनी धुतलेला कोट काढून दिला. “नीट सांगा. घाबरू नका,” त्या म्हणाल्या, आणि लहान मुलाला शाळेत धाडावं तशा दारात उभ्या राहिल्या.

साहेबाच्या खोलीत आता खोकी आणखी वाढली होती. निशाणपागेची सात-आठ माणसं भिंतीपाशी उभी होती. श्रीपादराव आत आले तसे सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. ज्यांचं आपण वाटोळं केलं त्यांच्या नजरेला नजर देणं त्यांना जमेना.

“पंडितजी, बस इतना बताइए,” साहेब म्हणाला, आणि एक कागद पुढं केला, “ये आपके दफ़्तर का है?”

श्रीपादरावांनी कागद घेतला. पहिल्याच ओळीत ‘निशाणपागा’ हा शब्द होता. पुढं ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने उपभोगावी’. कुठंतरी नक्कल राहिली होती तर. कुणाच्या तरी पेटीत, कुणाच्या तरी देव्हाऱ्यात. इतका आनंद त्यांना मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

आणि मग नेहमी व्हायचं तेच झालं. चोवीस वर्षं त्यांची एक सवय होती: कागद जितका हवाहवासा, तितका तो जास्त कडक तपासायचा. हवेसे कागदच माणसाला फसवतात, असं ते नवीन कारकुनांना सांगत. ते खिडकीपाशी गेले. कागद उजेडात धरला. नखानं कडा खरवडली. नाकाशी नेला. चष्मा कपाळावर ढकलून अक्षराच्या इतक्या जवळ डोळा नेला की नाक कागदाला लागलं. खोलीतली माणसं, साहेब, गोदाम, घरं, सगळं त्या वेळी त्यांच्या मनातून पार पुसलं गेलं होतं. कागद आणि ते, दोघंच होते.

“हा दप्तरातला नाही,” ते म्हणाले, आणि आवाजात तीच ती जुनी धार आली. मग साहेबाकरता हिंदीत सांगू लागले. “काग़ज़ मिल का है, साहब. उस ज़माने में हमारे यहाँ हाथ का काग़ज़ चलता था. रंग चाय का है, सूँघिए. बोरू से लिखें तो लकीर मोटी-पतली होती है, ये निब से लिखा है, सब एक जैसी. और ये शिक्का देखिए.” इथं ते जरासे हसलेसुद्धा. “ज्या दिवाणाचा शिक्का मारलाय ते पंधरा वर्षांनी दिवाण झाले. इनका शिक्का संवत उन्नीस सौ इकतीस में कहाँ से आएगा? जाली है.”

कारकून भराभर लिहून घेत होता. साहेबानं मान हलवली.

श्रीपादरावांनी चष्मा खाली घेतला आणि वळले. भिंतीपाशी विजयाबाई उभ्या होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी आपल्याच घरातलं माणूस हातातून निसटून खाली पडताना बघावं तसा तो चेहरा होता. त्या एका क्षणात श्रीपादरावांना सगळं कळलं. कागद कुणी आणला, का आणला, आणि आपण आत्ता काय केलं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर अकरा घरं वाचत होती, आणि त्या ‘हो’ला आव्हान द्यायला ग्वाल्हेरात दुसरा माणूस नव्हता.

“साहब,” ते घाईनं म्हणाले, “काग़ज़ जाली है, पर मजमून सच्चा है. असल काग़ज़ में यही लिखा था. शब्दन् शब्द हाच. मी शपथेवर सांगतो.”

साहेबानं लेखणी ठेवली. “पंडितजी, अभी आपने ही कहा जाली है,” तो सौम्यपणे म्हणाला. “आप जैसे आदमी से दो बातें अच्छी नहीं लगतीं.”

श्रीपादराव बोलत राहिले. कोश, कार्ड, छाटणी, यादी, सही. मराठीत बोलत आहेत हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही. साहेबानं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि निकाल सांगितला. घरं चाकरीसाठी होती, आठ दिवसांत खाली करावीत. बनावट कागदाबद्दल खटला भरता आला असता, पण एका विधवेवर तो भरायची त्याची इच्छा नव्हती, म्हणून तेवढं त्यानं सोडून दिलं. बाहेर पडताना निशाणपागेची माणसं श्रीपादरावांच्या बाजूनं गेली. कुणी त्यांना धक्का मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. एवढा मान त्यांना पूर्वी कधी नकोसा झाला नव्हता.

आठवे दिवशी ते पडावाला गेले. जाऊ नका असं शामलाबाईंनी सांगितलं होतं, आणि जा असंही त्याच म्हणाल्या. ओळीपुढं टांगे लागले होते. काही घरांची दारं काढून झाली होती, चौकटी उघड्या. विजयाबाई एका गाठोड्यावर गुडघा रोवून दोरी आवळत होत्या. शिवपुरीला दिराकडे जायचं होतं. पांडुरंगराव टांग्यापाशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. काय चाललंय ते त्यांना सांगितलं होतं, पण ते परत परत विचारत होते.

श्रीपादराव जवळ जाऊन उभे राहिले. विजयाबाईंनी गाठ मारली, हात झटकले आणि वर पाहिलं.

“तुमच्या सत्काराला मी आले होते, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. “दाराशी, बायकांच्या मागं उभी होते. तुम्ही ते सांगितलंत नं, सगळे हसले. टाळ्या वाजवल्या. मला मात्र खरं वाटलं. घरी येऊस्तोवर घोकत आले, एक शब्द विसरायला नको म्हणून. मग एकाकडून कागद करवून घेतला. तुमचेच शब्द होते, बरोबर होते नं?”

“बरोबर होते,” श्रीपादराव म्हणाले. “अगदी बरोबर.”

“मग?”

पलीकडच्या टांग्यावर कुणीतरी पलंगाचे पाय चढवत होतं, त्याचा आवाज होत होता.

“मला कागदच दिसला, बाई,” ते म्हणाले. “तुम्ही दिसला नाहीत.”

विजयाबाईंनी मान हलवली. समजलं म्हणून की पुरे झालं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. “जरा हात लावा,” त्या म्हणाल्या, “यांना चढवायचंय.”

श्रीपादरावांनी म्हाताऱ्याला एका बाजूनं धरलं, विजयाबाईंनी दुसऱ्या बाजूनं. अंग हलकं होतं. पायरीवर पाय ठेवण्याआधी पांडुरंगराव थांबले आणि ज्या हातानं त्यांना दंडाशी धरलं होतं तो हात त्यांनी आपल्या बोटांनी चाचपला.

“हा कोण ग, सूनबाई?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही, मामंजी,” विजयाबाई म्हणाल्या. “चढा तुम्ही.”